दमा माझा, तळं तिचं

गेल्या महिन्यात नातीला दमा असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. घरात आणखी कुणाला आहे का, असं त्यांनी विचारलं तेव्हा सुनेनं लगेच उत्तर दिलं, "हो, सासूबाईंना आहे. जपानात होत्या तेव्हापासून." घरी आल्यावर मुलगाही म्हणाला, "आईकडून आलंय." माझी बायको तेव्हा ओट्याशी गवार मोडत होती. तिनं मान वर केली नाही. मी पेपर वाचत होतो, म्हणजे पेपर धरून बसलो होतो.

माझ्या बायकोला दमा नाही. कधीच नव्हता. दमा मला आहे, लहानपणापासून. तिचा दमा ही मी एका डोंगराच्या पायथ्याशी, दहा-बारा माणसांसमोर सांगितलेली थाप आहे. त्या थापेला आता तीस वर्षं उलटून गेली. आता ती नातीच्या औषधपाण्यात शिरली, तेव्हा मात्र मला बसवेना. म्हणून जे झालं ते लिहून काढतो आहे.

नव्वदच्या दशकात आम्ही काही वर्षं योकोहामात होतो. मी पुण्याच्या एका कंपनीत संगणकाचं काम करायचो आणि कंपनीनं मला तिथल्या एका जपानी ऑफिसात पाठवलं होतं. निघण्याआधी तब्येतीचा दाखला लागायचा. आमचे घरचे डॉक्टर वडिलांचे मित्र होते. त्यांनी छातीला नळी लावली, "आज स्वच्छ आहे," म्हणाले आणि सही केली. त्या दिवशी ती स्वच्छ होती हे खरंच. माझ्या आधी गेलेल्या एकाला पाठीच्या दुखण्यावरून मुदतीआधीच परत पाठवलं होतं. त्यामुळे तिथे पोचल्यावर मी या विषयावर तोंड उघडलं नाही. तेव्हा ऑफिसात लोक जागेवर बसूनच सिगारेटी ओढायचे. छाती आवळायला लागली की मी मागच्या जिन्यात जाऊन दम्याचा पंप तोंडात मारून यायचो. बाहेरगावी जायचं असलं तर पंप हिच्या पर्समध्ये असायचा. खिशात ठेवला तर लोकांना दिसेल, असं माझ्या डोक्यात बसलं होतं.

लग्न ठरवताना माझ्या घरच्यांनी हिच्या घरी दम्याचं सांगितलं नव्हतं. हिला ते कळलं लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत. तिनं माझ्या पाठीशी उशा लावल्या, गरम पाणी आणलं आणि मी बोलण्याच्या स्थितीत आल्यावर विचारलं, "कधीपासून आहे हे?" मी सांगितलं. "बरं," ती म्हणाली. पुढे तिनं तो विषय माझ्यासमोर काढला नाही आणि माहेरीही नेला नाही.

आणि ही कोण होती, तर कॉलेजच्या गिर्यारोहण मंडळात दोर घेऊन पुढे चालणारी मुलगी. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड तिनं पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात, दोन्हीत केलेले. मी सिंहगडावर गेलो असेन, तो पिठलं-भाकरीपुरता, आणि तोही गाडीनं.

त्या वर्षी ऑक्टोबरात ऑफिसची सहल निघाली, कुटुंबासकट. जायचं होतं फुकुशिमाकडच्या बंदाई-आसाही राष्ट्रीय उद्यानात. उद्यान म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे बाकडी, कारंजं आणि भेळवाला आला. ही मात्र लायब्ररीतून नकाशा आणून बसली. कॅनव्हासचे बूट घेतले आणि ते पायात बसावेत म्हणून रोज संध्याकाळी घालून स्टेशनापर्यंत फेऱ्या मारू लागली.

बस डोंगर चढू लागली तेव्हा आजूबाजूला लाल आणि पिवळ्याखेरीज रंगच उरला नव्हता. मी पानगळ पाहिली होती, पण अख्खा डोंगर असा पेटलेला पाहिला नव्हता. बसमधली बोलणी आपोआप कमी झाली. मग एका वळणानंतर झाडं संपली. एकदम संपली. पुढे नुसते दगड, राखेच्या रंगाचे, कुठे गंधकानं पिवळे पडलेले, आणि दरीतून वर येणारी पांढरी वाफ. चालकानं खिडक्या लावून घ्यायला सांगितलं. त्याआधीच वास आत शिरला होता. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात येतो तो, आणि त्यात नासलेलं अंडं. माझी छाती तिथेच थोडी धरली.

बस जिथे थांबली त्या पठाराचं नाव जोदोदाइरा. बौद्धांच्या स्वर्गाला जे नाव आहे तेच या पठाराचं. समोरच्या डोंगराचं नाव इस्साइक्यो, म्हणजे सगळी धर्मसूत्रं. कोणे एके काळी सगळे ग्रंथ कुणी या डोंगरात पुरून ठेवले, अशी तिथली समजूत. त्या डोंगराच्या कुशीतून वाफेचा जाड खांब वर जात होता आणि त्याचा आवाज इतक्या दूरवर ऐकू येत होता. वाऱ्याचा नव्हे, पाण्याचाही नव्हे. जमिनीच्या पोटातून कुणी एकसारखा श्वास सोडत राहावा, आणि आत घेऊच नये, तसा. ज्याचा स्वतःचा श्वास पुरत नाही त्याला तो आवाज कसा वाटतो, हे दुसऱ्याला सांगता येणार नाही. मला भीती वाटली आणि पाहतच राहावंसं वाटलं.

हिनं वाटेकडेचा एक दगड उचलला, तळहातावर उडवून पाहिला. "अहो, बघा तरी. पाव आहे नुसता," ती म्हणाली. मग इथलं काही न्यायचं नसतं हे आठवून तो जिथून घेतला तिथेच, त्याच कुशीवर ठेवला.

आमच्या विभागप्रमुखांना ऑफिसात नावानं कुणी हाक मारत नसे. 'काचो', म्हणजे प्रमुख, एवढंच. काचोंनी सगळ्यांना वाटेच्या तोंडाशी गोळा केलं. तिथे एक फलक होता. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्यानं तो आम्हा दोघांसाठी इंग्रजीत सांगितला. पुढे विषारी वायू आहे. हृदयविकार असलेल्यांनी आणि दमा असलेल्यांनी पुढे जाऊ नये. काचोंनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "कुणाला असा काही त्रास नाही ना?"

मी म्हणालो, "माझ्या बायकोला दमा आहे."

आधी ठरवलं नव्हतं. ते वाक्य तोंडातून गेलं तेव्हा मला स्वतःला हलकं वाटलं, एवढं आठवतं. आता तिच्यासोबत मीही थांबेन, कुणी काही विचारणार नाही.

ही एका दगडावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधत होती. तेवढं जपानी तिला कळत होतं. तिनं गाठ पुरी केली, ओढून पाहिली, मग उभी राहिली आणि खोकली. एकदाच. तोंडावर हात ठेवून, थोडी वाकून. तिला त्यापूर्वी खोकताना मी कधी पाहिल्याचं मला आठवत नाही.

काचो हळहळले. "ओकुसान इतक्या लांब आल्या आणि असं," ते म्हणाले. ओकुसान म्हणजे वहिनी. मग माझ्याकडे वळले. "तू काळजी करू नकोस. माझी बायको त्यांच्याजवळ थांबेल. तू चल आमच्याबरोबर."

याचा विचार मी केलाच नव्हता. नाही म्हणायला माझ्याकडे आता कारण उरलं नव्हतं. पंप हिच्या पर्समध्ये होता आणि पर्स घेऊन ही खाली राहणार होती.

तेव्हा ही पुढे झाली आणि आपल्या मोडक्या जपानीत म्हणाली, "मला भीती वाटते. यांना माझ्याजवळ राहू द्या."

सगळे हसले, प्रेमानं हसले. काचो म्हणाले, "भारतातल्या बायका नवऱ्याला किती जपतात पाहा. आमची मला आज ज्वालामुखीत ढकलून द्यायला निघाली होती."

"अजून दिवस संपलेला नाही," त्यांची बायको म्हणाली.

मंडळी निघाली. अस्वलांना चाहूल लागावी म्हणून तिथे लोक पिशव्यांना छोट्या घंटा बांधतात. त्या किणकिणत वर गेल्या आणि वाफेच्या आवाजात बुडाल्या. ही त्यांच्याकडे पाहत उभी होती. कोकणकडा दोरावर उतरलेली बाई आता आजारीही ठरली होती आणि भित्रीही, आणि यातलं दुसरं तिनं स्वतः होऊन अंगावर घेतलं होतं.

काचोंच्या बायकोला आमची दया आली. पठाराच्या दुसऱ्या बाजूला एक शांत झालेला ज्वालामुखी आहे, तिकडे वायू नाही, पायऱ्या आहेत, सावकाश जाऊ, असं ती म्हणाली. सावकाश कुठलं. पायऱ्या दिसल्या आणि ही विसरली. झपझप चढून टोकाशी उभी. मी मागून धापा टाकत पोचलो. काचोंची बायको आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहू लागली.

"बसून काम करतो ना, सवय गेली," मी म्हणालो. हिनं घाईनं छातीवर हात ठेवला आणि ती खाली बसली.

पण बसल्या जागी तिला जे दिसलं, त्यानं ती दमा, ऑफिस, मी, सगळं विसरली असावी. आमच्या पायांपुढे जमीन नव्हती. होती ती एक प्रचंड वाटी, एवढी की पलीकडच्या काठावरची माणसं मुंग्यांसारखी दिसत होती. आतल्या उतारांवर दगडांचे लोट जसे घसरले तसेच थांबलेले. तळाशी काही नाही. पाणी नाही, झाड नाही. ढगाची सावली एका काठावरून आत उतरली, तळ ओलांडून दुसऱ्या काठावर चढली आणि निघून गेली. आम्ही तिघंही मानेनं तिच्या मागे गेलो. आकाशातून पडलेल्या एका भांड्याच्या कडेला बसल्यासारखं वाटत होतं.

हिनं कडेच्या खडकावर हात ठेवला आणि मराठीत म्हणाली, "आपला सह्याद्री असाच झाला. कॉलेजात शिकवलं होतं. राजगडाचा काळा दगड म्हणजे निवलेलं हेच."

"इतकं साधं?" मी म्हणालो.

"साधं कुठलं. आपण ज्याच्यावर चढायचो तो म्हातारा झालेला दगड. हा अजून पाळण्यात आहे." आणि तिनं त्या खडकाला खरंच थोपटलं.

मंडळी परत आली तेव्हा त्यांची तोंडं वेगळी दिसत होती. डोंगराच्या पलीकडे खाली एक तळं आहे, लोक त्याला चेटकिणीचा डोळा म्हणतात. हिनं माझ्या सहकाऱ्याला गाठलं आणि विचारलं, कसं होतं. तो म्हणाला, "माथ्यापर्यंत काहीच दिसत नाही. शेवटचं पाऊल टाकलं की एकदम पायांखाली दिसतं. आम्ही सगळे गप्प झालो. काचोसुद्धा."

बसमध्ये तिनं मला एवढंच विचारलं, "परत कधी येता येईल?"

"येऊ की," मी म्हणालो.

एकदा सांगितलेली थाप परत घेता येते असं मला तेव्हा वाटत होतं. पण ती थाप लोकांनी हातोहात उचलली. काचोंच्या बायकोनं मधात मुरवलेला मुळा पाठवला, तोंडाला बांधायच्या पट्ट्यांचा डबा पाठवला. योकोहामात आमच्यासारखी काही मराठी कुटुंबं होती, त्यांच्यातल्या बायका हिला जड पिशव्या उचलू देईनात. कुणी पुण्याला गेलं, त्यानं तिथे सांगितलं. आईनं मला फोनवर विचारलं तेव्हा मी खरं काय ते सांगितलं. आई म्हणाली, "असू दे. तुझ्या नोकरीचं बघायला हवं."

हिच्या वडिलांना मात्र कुणीतरी तोंडावर म्हणालं की मुलीचं दुखणं लपवून लग्न लावलंत. ते शाळामास्तर, अतिशय सरळ माणूस. त्यांनी फोन केला. मी शेजारीच बसलो होतो. ही म्हणाली, "नाही हो बाबा, आधी नव्हतं. इथल्या थंडीनं झालंय. बरं वाटेल." त्यानंतर जपानला येणाऱ्या प्रत्येकाबरोबर ते सितोपलादी चूर्णाची पुडी पाठवायचे, कसं घ्यायचं ते वर लिहून. मधातून, सकाळी. ते चूर्ण मी खाल्लं. त्यानं मला आरामही पडायचा. ते गेले, तेव्हाही आपल्या मुलीला दमा आहे असंच समजून गेले. बाकी सगळ्याबद्दल मी हिच्यापुढे मान खाली घालू शकतो. याबद्दल कुणापुढे घालायची हे मला कळत नाही.

फेब्रुवारीत ऑफिसची मंडळी बर्फावर घसरायला गेली, त्याच उद्यानात, बंदाईच्या पायथ्याशी. हा डोंगर शंभरेक वर्षांपूर्वी फुटला आणि त्याची उत्तरेची बाजू उडून गेली. त्या ढिगाऱ्यानं ओढे अडले आणि तळी झाली, त्यातल्या एका गोठलेल्या तळ्याकाठी आमचं हॉटेल होतं. सकाळी पडदा सारला तर समोर तो तुटलेला डोंगर, वरपासून खालपर्यंत पांढरा. इतका पांढरा की निळा वाटावा. आवाज नाही. पक्षी नाही. झाडांवरून मधूनच बर्फाचा ढीग सुटायचा आणि खाली पडायचा, तोही आवाज न करता. आम्ही दोघं काचेला नाक लावून उभे होतो. "हे फुटलं तेव्हा काय आवाज झाला असेल," ही म्हणाली, "आणि आता बघा."

दुसऱ्या दिवशी त्या डोंगराच्या फुटक्या बाजूला बर्फातून चालत जायचं ठरलं होतं. तिथे खनिजांनी पिवळा झालेला धबधबा गोठून उभा असतो. ओकुसानना त्या दिवशी बरं वाटलं तर त्यांनाही न्यायचं, असं काचोंच्या बायकोनं भांडून कबूल करून घेतलं होतं.

पहिल्या दिवशी हिला काचेच्या खिडकीशी, मांडीवर पांघरूण घालून बसवलं. मी भाड्याचे स्की पायाला बांधून नवशिक्यांच्या उतारावर गेलो. पडलो, उठलो, पुन्हा पडलो. सहकारी म्हणाला, "तू उतरत नाहीस, तू बर्फ दाबून देतो आहेस." हसता हसता मी ती कोरडी, काचेसारखी हवा छातीभर आत घेतली आणि छाती बंद झाली.

मी गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिलो की ही ओळखते. तिनं खिडकीतून पाहिलं आणि आतल्या सपाता घालून, शालीनिशी बर्फातून धावत आली. सगळे पाहू लागले. माझ्यापर्यंत पोचली आणि आपल्यालाच झटका आल्यासारखी माझ्या अंगावर कोसळली. मी बर्फात बसलो. तिनं शाल आमच्या दोघांच्या डोक्यांवर ओढली आणि आत अंधारात पंप माझ्या तोंडाला लावला.

"घ्या. हं. धरा. सोडा सावकाश."

शालीत तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. खाली तिचे मोजे दिसत होते, बर्फानं भरलेले. मला श्वास येऊ लागला तेव्हा तिनं शाल काढली आणि पंप आपल्या हातात, सगळ्यांना दिसेल असा धरला. मंडळींनी पाठी वळवल्या होत्या. दुसऱ्याच्या अडचणीकडे टक लावून पाहायचं नाही, ही तिथली रीत. मला त्या क्षणी ती रीत फार आवडली.

काचो जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ओकुसान, उद्याचं नको. तुम्हाला काही झालं तर मी तुमच्या वडिलांना काय सांगू?"

"हाय," ही म्हणाली. म्हणजे हो.

दुसऱ्या दिवशी मंडळी पिवळा बर्फ पाहायला गेली. आम्ही दोघं खिडकीशी बसलो. ती त्या तुटलेल्या डोंगराकडे पाहत होती आणि मी संत्र्याच्या साली काढत होतो. ती माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं एक फोड मलाही दिली.

पुढच्या उन्हाळ्यात माझी मुदत संपत आली. सामान आवरता आवरता ती म्हणाली, "मी त्या डोंगरावर जाऊन येणार आहे. तुम्हाला यायचं तर या."

"एकटी?"

"वाट आहे, माणसं असतात. काचोंना विचारून येऊ का?" एवढाच टोमणा तिनं मला त्या सगळ्या काळात मारला.

आम्ही आगगाडीनं आणि मग बसनं गेलो. जुलै होता. पठारावर पाणथळ जागेत लाकडी पायवाट, तिच्या दोन्ही बाजूंना कापसासारखी पांढरी फुलं, आणि त्यांच्यामागे तोच खांब, तोच श्वास. फलकापाशी तिनं पर्स उघडली, पंप काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"हा आता तुमच्याजवळ," ती म्हणाली. ओढणी कमरेला बांधली आणि निघाली.

ती चढताना मी पाहत होतो. चढण चढणारं माणूस पाठीवरून कळतं. तिच्या पाठीत घाई नव्हती, थकवा नव्हता. ती जणू घरी निघाली होती. वाऱ्यानं वाफ वाटेवर घातली, ती दिसेनाशी झाली. वाफ सरली, ती अजून वर, ठिपक्याएवढी. मग खांदा ओलांडून गेली आणि डोंगर रिकामा झाला.

मी बसून राहिलो. तोपर्यंत त्या डोंगराकडे मी फक्त आपल्या छातीच्या हिशेबानं पाहिलं होतं, तो मला काय करील एवढंच. त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. ऊन सरकलं तसे दगडांचे रंग बदलत गेले, तांबडे, जांभळे, शेवटी राखाडी. जमिनीला हात लावला तर ती कोमट वाटली. उन्हानं की आतून, कुणास ठाऊक. माझ्या खाली, या फुलांखाली, सगळं वितळलेलं आहे आणि वर आम्ही बाकडी टाकून डबे खातो आहोत. तो आपला श्वास सोडत होता, मी आहे की नाही याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. आणि माझं माणूस त्याच्या अंगावर कुठेतरी होतं. मला फार लहान वाटलं. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. वाईट वाटलं ते निराळ्याच गोष्टीचं. हिला इथे यायला मी एवढा वेळ लावला.

ती परतली तेव्हा दुपार उतरत होती. चेहरा उन्हानं लाल झाला होता आणि डोळे अजून कुठेतरी वरच होते. बाटलीतलं पाणी तिनं सगळं पिऊन टाकलं.

"कसं होतं तळं?" मी विचारलं.

"सांगणार नाही."

"का गं?"

"सांगितलं तर तुम्ही ते तुमचं म्हणून सांगाल," ती म्हणाली. रागानं नाही. पाऊस येईल असं म्हणावं तसं.

सोमवारी काचोंनी विचारलं, "डोंगरावर गेला होतात म्हणे. ओकुसान बऱ्या आहेत ना?" मी म्हणालो, "ती खाली थांबली. मी वर जाऊन आलो." आणि सहकाऱ्याचे शब्द मी त्याच्याच देखत वापरले. शेवटचं पाऊल टाकलं की एकदम पायांखाली दिसतं. तो मान हलवत राहिला.

पुण्याला आल्यावर माझा दमा पुष्कळ उतरला. पंप क्वचित लागायचा, तो तिच्या कपाटात असायचा आणि तिच्या नावानं यायचा. तळ्याची गोष्ट मात्र वाढत गेली. दिवाळीला, बारशाला, जपानचा विषय निघाला की मी ती सांगायचो. मी तिच्यात वारा घातला, पाण्याला रंग दिला, स्वतःच्या डोळ्यांत पाणी आणलं. मुलगा ती गोष्ट ऐकतच मोठा झाला. "आणि आई बिचारी खाली बसून होती," असं तो पुढचं वाक्य पुरं करायचा. ही नेमकी तेव्हा चहा टाकायला उठायची.

परवा रविवारी, सगळे जेवायला बसले असताना मी सांगितलं. दम्याचं सांगितलं, शालीचं सांगितलं, चूर्णाचं सांगितलं. सगळ्यांत शेवटी तळ्याचं सांगितलं.

मुलगा आईला म्हणाला, "तू काहीच कसं बोलली नाहीस?"

"तुम्ही कुणी विचारलंत का?" ती म्हणाली आणि त्याला भात वाढला.

सून म्हणाली, "बाबा, मला उद्या डॉक्टरांना फोन करून हे दुरुस्त करावं लागेल." थोड्या वेळानं सासूकडे पाहून म्हणाली, "आई, मागच्या वर्षी आम्ही राजगडाला गेलो तेव्हा तुम्हाला विचारलंसुद्धा नाही."

"नाही विचारलंत," ही म्हणाली.

नात माझ्याकडे रोखून पाहत होती. "आजोबा, म्हणजे तुम्ही ते तळं पाहिलंच नाही?"

"नाही."

"मग आजी, तू पाहिलंस?"

"पाहिलं."

"कसं होतं?"

हिनं हात धुतले, पदराला पुसले, खुर्ची नातीकडे वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. जा असं ती म्हणाली नाही आणि थांबा असंही म्हणाली नाही. मी उठलो, गॅलरीत गेलो आणि काचेचं दार बाहेरून ओढून घेतलं. आतलं काही ऐकू येत नव्हतं. हिचा हात हवेत वर गेला, थांबला आणि एकदम खाली आला. नातीचं तोंड उघडंच राहिलं होतं.